सेकंडहँड माउंटचा अ‍ॅक्सिस जाम होतोय? पाना उचलायच्या आधी हे वाचा

दुर्बिणीचा अडकणारा माउंट (ट्रायपॉडवरचा, दुर्बीण धरून फिरवणारा भाग) घेऊन जो कोणी माझ्याकडं येतो त्यानं येण्याआधी दोनपैकी एक गोष्ट हमखास केलेली असते. एकतर फटीतून गंज सोडवायचा स्प्रे मारलेला असतो, नाहीतर दिसेल तो स्क्रू थोडा ढिला थोडा घट्ट करून बघितलेला असतो. आणि मग मूळ दोष राहतो बाजूला, आधी ह्या दोन गोष्टी निस्तरायला लागतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. जाम नेमका कुठं आहे हे हातानं ठरवल्याशिवाय एकही स्क्रू हलवायचा नाही, एवढं एक पाळलंत तर निम्मे माउंट खोलायचीसुद्धा गरज पडत नाही.

इथं मी इक्यू३, इक्यू५, एचइक्यू५ ह्या जातीचे जर्मन इक्वेटोरियल माउंट धरून चाललोय, कारण आपल्याकडं सेकंडहँडमध्ये जास्त करून हेच मिळतात. आरए म्हणजे ध्रुवाकडं रोखायचा अ‍ॅक्सिस, डेक म्हणजे त्याला काटकोनात असलेला. दोन्हीत रचना तीच: मधे शाफ्ट, त्यावर दात असलेलं वर्म व्हील, त्या दातांत बसलेला स्क्रूसारखा वर्म, आणि शाफ्टला व्हीलशी पकडणारा क्लच. ही चार नावं डोक्यात ठेवा, पुढं सगळं ह्यावरच आहे.

## टप्पा १: खोटा जाम बाजूला काढा

माउंट ट्रायपॉडवर लावा, पण ट्यूब (म्हणजे दुर्बीण), तिला तोलणारी बारवरची वजनं, मोटर, केबल सगळं काढून. आता दोन्ही क्लच सोडून अ‍ॅक्सिस फिरवा. इथंच मोकळा फिरला तर माउंटमध्ये दोष नाही, तुमच्या मांडणीत आहे.

आपल्या भागात सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार हा अक्षांशाचा. सांगलीचा अक्षांश १७ अंशांच्या जरासा आत, साताऱ्याचा पावणेअठराच्या आसपास. हे माउंट ज्यांना डोळ्यासमोर ठेवून बनवले त्यांच्याकडं ध्रुवतारा ४०-५० अंशांवर असतो, आपल्याकडं तो पार क्षितिजाशी. त्यामुळं आरए जवळजवळ आडवा होतो, वजनाचा बार सरळ खाली लोंबतो, आणि ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवला असेल तर बार किंवा वजन त्या पायालाच जाऊन धडकतं. लोक म्हणतात आरए अडकतो. अडकत नाही हो, आपटतो. टक्कन आवाज येऊन एकाच जागी कडक थांबला तर बाहेर काहीतरी लागतंय, आतला जाम असा कधी लागत नाही. काही ट्रायपॉडवर वरचा पेग (माउंटची दिशा ठरवणारी उभी खुंटी) काढून दुसऱ्या जागी लावता येतो, मग दोन पाय उत्तरेकडं करून बार त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सोडायचा. तसा पेग नसेल तर छोटा एक्स्टेंशन पाइप लावून माउंट वर उचला. आरएचा कल ठरवणारा अक्षांशाचा पुढचा-मागचा बोल्टही ह्याच वेळी बघून घ्या, इतक्या कमी अंशांवर मोटरचं कव्हर किंवा स्लो-मोशनची (हातानं वर्म फिरवायची) दांडी त्याला घासायला लागते.

मग बघा बॅलन्स. एका दिशेला हलका आणि उलट दिशेला जड लागतो तो जाम नसून वजनाचा फरक असतो. ट्यूब चढवल्यावरच जड लागत असेल तर आधी डेक बॅलन्स करा, मग आरए, ह्याच क्रमानं, कारण डेकसाठी ट्यूब पुढं-मागं सरकवल्यावर आरएचा हिशोब परत बदलू शकतो.

तपासा: बारवर एकच वजन लावा, बार आडवा धरा, खाली हात ठेवा आणि आरएचा क्लच सोडा. बार स्वतःच्या वजनानं सरसर खाली आला पाहिजे. मधेच थांबला, किंवा मधात बुडवलेल्या चमच्यासारखा सावकाश आला, तर दोष खरा आहे. पुढं चला.

## टप्पा २: हाताला काय लागतंय ते नीट ओळखा

ह्या टप्प्याला अर्धा तास द्या. लोक पाच मिनिटं देतात आणि नंतर दोन रविवार घालवतात.

आधी क्लच पूर्ण सोडून अ‍ॅक्सिस एक अख्खी फेरी फिरवा, सावकाश, दोन बोटांनी. ह्या माउंटांमध्ये क्लच सुटलेला असताना वर्म आणि वर्म व्हील जागेवरच राहतात, नुसता शाफ्ट आत फिरतो. म्हणजे क्लच सोडूनही जड लागत असेल तर वर्मचा काही संबंध नाही. ही एक गोष्ट ज्याला कळली तो उगाच वर्मचे स्क्रू छेडत बसत नाही. दोष मग शाफ्टच्या बेरिंगमध्ये, शाफ्टला जागेवर धरणाऱ्या मुख्य नटमध्ये किंवा क्लचच्या पॅडमध्ये (लिव्हर आवळल्यावर दाबून धरणारा छोटा तुकडा).

जड लागण्यातही तीन प्रकार आहेत:

१. पूर्ण फेरीभर सारखंच जड, गुळगुळीत पण चिकट: ग्रीस म्हातारं झालंय. कारखान्यातून येणारं ग्रीस काही वर्षांनी डिंकासारखं होतं.

२. खरखर, बोटांना वाळू लागल्यासारखी: बेरिंगमध्ये गंज किंवा घाण.

३. एका जागी घट्ट, समोरच्या बाजूला मोकळं: शाफ्ट, बेरिंग किंवा वॉशर तिरका बसलाय, नाहीतर माउंट कधीतरी पडलाय.

आता क्लच घट्ट करा आणि स्लो-मोशनच्या नॉबनं वर्म फिरवा. गो-टू (मोटरनं आपोआप तारा शोधणारा) माउंट असेल तर वीज बंद करून, कव्हर काढून, मोटरचं गिअर वर्मपासून वेगळं करून मगच बोटानं वर्म फिरवा. क्लच सोडून मोकळा होता पण वर्मनं जड जातोय, तर दोष वर्मच्या बाजूला.

आता मोजायचं. इक्यू५ च्या वर्म व्हीलला १४४ दात असतात, म्हणजे नॉबच्या १४४ फेऱ्यांनी अ‍ॅक्सिस एकदा पूर्ण फिरतो. एचइक्यू५ ला १३५ दात. नॉबवर मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि बघा घट्टपणा किती फेऱ्यांनी परत येतोय. नॉबच्या प्रत्येक फेरीला एकदा घट्ट होत असेल तर वर्म वाकडा आहे किंवा त्याच्या टोकाचं बेरिंग दाबलं गेलंय. अ‍ॅक्सिसच्या अख्ख्या फेरीत एकाच भागात घट्ट होत असेल तर वर्म व्हील किंचित अंडाकृती आहे, आणि असं थोडंफार बहुतेक व्हील असतंच, त्यावर इलाज आहे, टप्पा ७ मध्ये येतोय. आणि सगळीकडं सारखंच घट्ट असेल तर कोणीतरी प्ले (दातांमधली मोकळी हालचाल) काढायच्या नादात वर्म व्हीलवर दाबून बसवलाय. सेकंडहँड माउंटमध्ये हे फार दिसतं. आधीच्या मालकाला बॅकलॅश, म्हणजे हाच प्ले, नको होता, त्यानं तो शून्य केला, माउंट अडकायला लागला, मग त्यानं विकला.

तपासा: घट्ट जागेवर बॉडीवर आणि फिरणाऱ्या भागावर टेप लावून पेन्सिलनं समोरासमोर खूण करा. वहीत लिहा: कुठला अ‍ॅक्सिस, क्लच सोडून की लावून, कुठल्या अंशाला. हे लिहिलेलं नसेल तर पुढं जाऊ नका, खोलल्यावर ह्यातलं काहीही आठवत नाही.

## टप्पा ३: सामान आणि जागा

- मिलिमीटरच्या ॲलन की, १.५ पासून ६ पर्यंत. इंचाचा सेट वापरू नका, जवळपास बसतो आणि ग्रब स्क्रूची (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) आतली खाच खाऊन टाकतो. १.५ आणि २ ची की नवीन घ्या, झिजलेली नको.
- मुख्य नटच्या भोकांत बसणारा दोन पिनांचा पाना. विकत मिळाला तर ठीक, नाहीतर कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याला नट दाखवा, पट्टीला दोन पिना मारून देतो. छिन्नी-हातोडीनं हा नट फिरवायचा नाही, अ‍ॅल्युमिनियम असतंय, भोक फाटतं.
- रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन, जुने टूथब्रश, धागे न सुटणारं सुती फडकं.
- लिथियमचं २ नंबरचं ग्रीस, किंवा मिळालं तर पीटीएफईवालं (टेफ्लॉनचं) सिंथेटिक.
- निळं थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक), एक छोटी बाटली.
- अंड्यांचा ट्रे. प्रत्येक खड्ड्यात एका पायरीचं सामान, काढलं त्या क्रमानं. वॉशरची बाजू चुकू नये म्हणून वरच्या तोंडाला मार्करचा ठिपका.

खाली पांढरी जुनी चादर, म्हणजे छर्रा पडला तर दिसतो आणि लांब घरंगळत नाही. काम दिवसा करा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत खोलायचं टाळा, धुतलेली बेरिंग रात्रभर उघडी राहिली तर सकाळी तांबूस झालेली दिसतात.

सावधान: एका वेळी एकच अ‍ॅक्सिस. दुसरा तसाच राहू द्या, जोडताना अडलं तर तोच बघून जोडता येतो.

## टप्पा ४: खोलणं

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो, स्क्रू काढायच्या आधीचा आणि नंतरचा.

१. आधी वर्म मोकळा करा. वर्मचा ब्लॉक दोन मोठ्या बोल्टांनी धरलेला असतो आणि शेजारी छोटे ग्रब स्क्रू असतात, जे त्याला व्हीलकडं ढकलतात किंवा मागं ओढतात. कुठला स्क्रू किती फेऱ्या सुटला ते लिहून मग ब्लॉक मागं घ्या. वर्म दातांत असताना शाफ्ट ओढला तर दातांवर ओरखडे पडतात, आणि ते कायमचे.

२. क्लचचा लिव्हर पूर्ण काढा आणि आतलं पितळी किंवा नायलॉनचं छोटं पॅड बाहेर घ्या. ते आतच चिकटून राहतं बऱ्याचदा, टूथपिकनं ओढा. ह्या पॅडकडं कोणी बघत नाही. क्लच सरकतोय म्हणून लिव्हर जोरात आवळत राहिलं की पॅड चेपून पसरतं, मग लिव्हर सोडला तरी ते घासतच राहतं. टप्पा २ मध्ये क्लच सोडूनही जड लागत होतं आणि आता पॅड काढल्याबरोबर अ‍ॅक्सिस मोकळा झाला, तर थांबा. काम झालं. पॅडची पसरलेली कड झिरो नंबर पॉलिश पेपरनं घासून साफ करा, परत बसवा, बाकी काही खोलू नका.

३. मुख्य नटचे ग्रब स्क्रू शोधा. नटच्या कडेला तीन बारीक ग्रब स्क्रू असतात, कधी रंगाखाली दडलेले. तिन्ही सुटल्याशिवाय नट फिरवलात तर शाफ्टचे आटे जातात. नट हाताच्या साध्या जोरानं हलत नसेल तर जोर वाढवू नका, एखादा ग्रब स्क्रू राहिलाय, तो शोधा.

४. नट काढा, मग शाफ्ट सरळ ओढा. चिकट ग्रीसमुळं तो सोडत नाही, तेव्हा हेअर ड्रायरनं बॉडी कोमट करा, दोन-तीन मिनिटांत सुटतो. ठोकायचं असेलच तर लाकडी ठोकळा मधे ठेवून, हलक्या हातानं.

## टप्पा ५: धुणं

टर्पेंटाइनमध्ये भिजवा, ब्रश मारा, पुसा, परत एकदा नव्या टर्पेंटाइनमध्ये. दात एक-एक करून, दातांच्या तळात जुनं ग्रीस बसलेलं असतं तिथं ब्रशचे केस पोचले पाहिजेत.

माझा स्वतःचा एक माउंट सांगलीच्या गावभागातल्या एका घरातून घेतलेला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तो तळमजल्यावरच्या कपाटात होता आणि पाणी त्याच्या वरून गेलं होतं, हे घेताना कोणी बोललं नाही, वरून पुसून लखलखीत केलेला. आरए फिरवला की खरखर लागायची. मी समजलो ग्रीस वाळलंय. खोलून बेरिंग वाटीत टाकली आणि ब्रश मारला तर टर्पेंटाइन चहासारखं झालं, दहा मिनिटं ठेवल्यावर तळाला करड्या गाळाचा पातळ थर बसला, बोटावर घेऊन चोळला तर पिठासारखा, पण दाताखाली कचकन लागेल असा. चार वेळा धुतल्यावर टर्पेंटाइन स्वच्छ राहिलं. बेरिंगचा एक ट्रॅक मात्र गंजून खड्डे पडलेला होता, ते बेरिंग बदलायलाच लागलं. म्हणून पूर येऊन गेलेल्या भागातला माउंट असेल, सांगली असो की कराड, तर आधी विचारा आणि सांगितलेल्यावर विसंबू नका, अक्षांशाच्या बोल्टचे आटे आणि पोलर स्कोपच्या (ध्रुवावर रोखायची छोटी दुर्बीण) भोकाची आतली बाजू टॉर्चनं बघा. गाळ लपवायला तिथं कोणी पोचत नाही.

बेरिंग बदलायचं असेल तर त्याच्या कडेवर कोरलेला नंबर घेऊन बेरिंगच्या दुकानात जा, उदाहरणार्थ ६०८ म्हणजे आतून ८, बाहेरून २२ आणि रुंदी ७ मिलिमीटर. माउंटचं नाव सांगायची गरज नाही, नंबर पुरतो.

सावधान, चार गोष्टी:

- रंगाचा थिनर प्लॅस्टिकच्या वॉशरवर आणि गिअरवर नको, मऊ पडतात. पेट्रोल घरात नको, त्याची वाफ लांबच्या ठिणगीलाही पेट घेते. टर्पेंटाइनही पेटतं, गॅसजवळ नको.
- रबरी सील असलेलं बेरिंग भिजवू नका, आत गेलेलं टर्पेंटाइन ग्रीस विरघळवतं आणि घाण आतच राहते.
- धुतलेलं कोरडं बेरिंग हवेच्या प्रेशरनं गरगर फिरवू नका.
- वर्म आणि व्हील 'बसवायला' टूथपेस्ट किंवा घासायची पेस्ट लावू नका. ती पितळेत रुतते आणि पुढं कायम घासत राहते. हा सल्ला बरेच जण देतात, मला तो अजिबात मान्य नाही.

## टप्पा ६: ग्रीस

गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे. तो आत गेला की जुन्या ग्रीसला पातळ करतो, ते वाहत जाऊन क्लचच्या पॅडवर पोचतं, चार दिवस माउंट मोकळा वाटतो, मग क्लच सरकायला लागतो आणि उरलेलं ग्रीस आणखी घट्ट होतं. आधी कोणी मारला असेल तर पूर्ण धुण्याशिवाय पर्याय नाही.

ग्रीस किती? बेरिंगमध्ये छर्र्यांच्या मधल्या जागेत, साधारण तिसरा भाग. व्हीलच्या दातांवर ब्रशनं पातळ हात, दातांचा आकार दिसत राहिला पाहिजे. लोक लाडवाला तूप लावल्यासारखं थापतात, जादा ग्रीस बाहेर येऊन धूळ धरतं. ट्रकच्या चाकाचं घट्ट ग्रीस वापरू नका, डिसेंबरच्या पहाटे ते आणखी आळतं आणि मोटर कण्हायला लागते. ग्रॅफाइटवालं काळं ग्रीस चालतं, पण ते हाताला, ट्यूबला, आयपीसला सगळीकडं लागतं, मी टाळतो.

क्लच जिथं धरतो तो पट्टा आणि ते पॅड पूर्ण कोरडं. मिरजेच्या सतारीची खुंटी बघा, ती फिरली पाहिजे पण तारेच्या ताणानं सरकली नाही पाहिजे, म्हणून तिला कोणी तेल लावत नाही. क्लचचं तेच.

## टप्पा ७: जोडणी, आणि इथं क्रमच सगळं आहे

चार गोष्टी अ‍ॅडजस्ट करायच्या असतात: मुख्य नट, वर्मचा एंड-प्ले (वर्मची स्वतःच्या लांबीत मागं-पुढं हालचाल), वर्मची पकड (वर्म दातांत किती घट्ट बसलाय), मोटरचं गिअर. ह्याच क्रमानं. सगळे जण सुरुवात पकडीपासून करतात कारण ते स्क्रू बाहेरून दिसतात. मग एंड-प्ले काढायला जातात, त्यानं वर्म सरकतो, पकड बिघडते, परत पहिल्यापासून, आणि शेवटी वैतागून म्हणतात हा माउंटच तसला आहे.

७.१ मुख्य नट. वर्म मागं ठेवूनच. नट हातानं घट्ट करत जा, अ‍ॅक्सिस जरा जड व्हायला लागला की थांबा आणि उलटा इतकाच फिरवा की तो परत मोकळा होईल. शाफ्ट धरून हलवून बघा, खडखड नको. मग तिन्ही ग्रब स्क्रू थोडे-थोडे, आळीपाळीनं. एकच पूर्ण आवळला तर नट तिरका बसतो आणि 'एका जागी घट्ट' हा दोष तुम्ही स्वतः तयार करता. ग्रब आवळल्यावर नट किंचित सरकतोच, म्हणून परत फिरवून बघा. दोन-तीनदा करायला लागतं.

७.२ वर्मचा एंड-प्ले. वर्म दातांपासून लांब असताना त्याचं टोक धरून मागं-पुढं ढकला. टकटक लागली तर टोकाची कॅप आवळा, टकटक गेली की थांबा. वर्म आता दोन बोटांत भिंगरीसारखा सहज फिरला पाहिजे. जड लागला तर कॅप किंचित, अगदी केसभर सोडा. कॅपची लॉक रिंग आवळताना कॅपसुद्धा बरोबर फिरते, तिला पान्यानं धरून ठेवा.

कुपवाडला एका लेथवाल्या मामांकडं वाकडा बार सरळ करायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी माझा वर्म नुसता बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाले, "बेरिंग दाबलंयस रं, त्याला श्वास तरी घिऊ दे." मी कॅप अष्टमांश फेरीपेक्षा कमी सोडली आणि महिनाभर मी ज्याला वर्म व्हीलचा दोष समजत होतो तो तिथंच गेला.

७.३ वर्मची पकड. ही सगळ्यात नाजूक. अ‍ॅक्सिसवर दर ४५ अंशांना टेपची खूण, अशा आठ जागा. वर्म हलकेच दातांत आणा, प्रत्येक जागी बार धरून हलवा आणि प्ले कुठं सगळ्यात कमी आहे ते शोधा. ती तुमची सगळ्यात घट्ट जागा. पकड त्याच जागेवर ठरवायची. ढिल्या जागेवर ठरवलीत तर घट्ट जागा आल्यावर अडकणारच, आणि नव्वद टक्के वैताग इथून सुरू होतो.

घट्ट जागेवर वर्म आत ढकलत न्या, प्ले संपेल तिथं थांबा, मग ग्रब स्क्रू अष्टमांश फेरी मागं घ्या. दोन मोठे बोल्ट आळीपाळीनं आवळा. बोल्ट आवळताना ब्लॉक हलतो आणि पकड बदलते, म्हणून प्रत्येक वेळी परत हलवून बघा. थोडासा प्ले राहिला पाहिजे, बार हलवल्यावर जेमतेम जाणवेल इतका. तो राहिला म्हणून काही बिघडत नाही. आकाशाचे फोटो काढताना पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे वर्म दाताच्या एकाच अंगाला टेकून राहतो आणि प्लेचा त्रास होत नाही.

हे काम मे महिन्याच्या दुपारी करू नका. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, वर्म आणि व्हील बहुतेक वेळा वेगळ्या धातूचे, ते सारखे आकसत नाहीत, वरून ग्रीसही थंडीत आळतं. चाळीस अंशांत बरोबर बसवलेली पकड थंडीच्या रात्री घट्ट होते. पहाटे किंवा सकाळी लवकर करा, जितक्या थंडीत वापरणार तितक्याच्या जवळ.

तपासा: क्लच लावून वर्मनं अख्खी फेरी, म्हणजे इक्यू५ ला १४४ वेळा नॉब. कंटाळवाणं आहे, पण करा. मग बार-वजनाची टप्पा १ मधली चाचणी परत.

## टप्पा ८: मोटर

मोटरचं गिअर आणि वर्मचं गिअर ह्यांच्या मधे वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी धरा, दोन्ही जवळ दाबा, स्क्रू आवळा, पट्टी ओढून काढा. तेवढी फट बरोबर. पट्टी फाटली तर घट्ट झालंय. बेल्टचा माउंट असेल तर बेल्ट बोटानं दाबल्यावर थोडा लवचिक लागला पाहिजे, तारेसारखा ताणलेला नको.

पहिली चालवणी ट्यूब न लावता आणि कमी स्पीडनं. मल्टिमीटर असेल तर करंट बघा, फेरीत एकाच जागी वर चढत असेल तर ती जागा अजून घट्ट आहे, ७.३ ला परत जा.

अजून एक. मोटर मधेच थांबते, घुर्र करते, तेव्हा आधी बॅटरी तपासा. जुनी १२ व्होल्टची बॅटरी नुसती मोजली तर १२ च्या वर दाखवते आणि मोटर फिरायला लागली की धपकन खाली येते. मोटर चालू असताना व्होल्टेज मोजा. ह्या एका कारणासाठी लोकांनी चांगले माउंट खोललेले मी बघितलेत. आणि वीज चालू असताना हँडसेटची केबल काढू-घालू नका.

## टप्पा ९: ताऱ्यावर परीक्षा

दंडोबाला जा, जतकडं जा, नाहीतर घराच्या गच्चीवरून करा, ह्या कामाला काळं आकाश लागत नाही. थंडीत मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पश्चिमेकडचा मिंटाका घ्या, तो खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, म्हणून आरएची चूक तिथं सगळ्यात स्पष्ट दिसते. १५० पट किंवा जास्त मॅग्निफिकेशन, शक्यतो क्रॉसहेअरचं आयपीस, मोटर ट्रॅकिंगवर.

इक्यू५ चा वर्म एक फेरी ५९८ सेकंदांत करतो, म्हणजे साधारण १० मिनिटं, एचइक्यू५ चा १० मिनिटं ३८ सेकंदांत. निदान एक फेरी पूर्ण बघा, दोन झाल्या तर उत्तम.

- तारा सावकाश एका बाजूला जाऊन सावकाश परत येतो, फेरीला एकदा: ही पिरिऑडिक एरर, प्रत्येक माउंटला असते, हा जाम नव्हे. ह्यासाठी काही खोलायचं नाही.
- तारा काही सेकंद मागं पडत जातो आणि एकदम उडी मारून पुढं येतो: हा खरा अडकणं-सुटणं प्रकार. कितव्या मिनिटाला झालं ते लिहा. पुढच्या फेरीत त्याच मिनिटाला झालं तर वर्म किंवा त्याचं बेरिंग, कधीही कुठंही होत असेल तर मुख्य नट किंवा क्लचचं पॅड.
- तारा सतत एकाच बाजूला सरकतोय: क्लच सरकतोय, किंवा ध्रुवावर नीट रोखलेलं नाही.

सगळं ठीक निघालं तर मगच वर्मच्या बोल्टांना थ्रेडलॉकरचा एक-एक थेंब. आधी लावू नका, परत अ‍ॅडजस्ट करायला लागलं तर भांडत बसाल. दोन-तीन रात्री वापरल्यावर नवीन ग्रीस सगळीकडं पसरतं आणि पकड किंचित ढिली वाटू शकते, तेव्हा ७.३ ची आठ जागांची तपासणी परत एकदा करा, खोलायचं काही नाही, नुसतं हलवून बघायचं. आणि पावसाळ्यात माउंट ठेवताना दोन्ही क्लच सोडून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, जमिनीपासून वर ठेवा. नदीकाठच्या घरात असेल तर वरच्या मजल्यावर.